अंबरनाथचे शिवालय कोणी बांधले?

जुने पाषाणमंदिर दिसले, की ते पांडवांनी एका रात्रीत बांधले आणि पहाट झाल्यामुळे शिखर अपुरे राहिले, ही कथा आपल्याकडे हटकून ऐकावयास मिळते. कल्याणनजीकच्या अंबरनाथ येथील शिवालयाविषयीही वडील मंडळी मुलांना हेच सांगत आली आहेत. कथा गोड खरी. परंतु तिच्यापायी आपण आपल्याच पूर्वजांचे श्रेय नकळत नाकारीत असतो.

वास्तविक, हे देवालय आपली जन्मकथा आपणच सांगते. उत्तरेकडील दाराच्या वरच्या पाषाणपट्टीवर एक शिलालेख कोरलेला असून त्यात शके 982, म्हणजे इ. स. 1060, हा काल दिला आहे. त्या वेळी उत्तर कोकणावर शिलाहारांचे राज्य होते. छित्तराज, नागार्जुन व मुम्मुणी ऊर्फ मामवाणी हे तिघे बंधू एकामागून एक गादीवर आले. छित्तराजाने आरंभिलेले हे काम मुम्मुणीच्या कारकीर्दीत सिद्धीस गेले, असे विद्वान मानतात. म्हणजे हे एका रात्रीचे कार्य नसून थोरल्या भावाचा संकल्प धाकट्याने तडीस नेला, असा त्याचा इतिहास आहे. एकत्र कुटुंबात वाढलेल्या आमच्या वाचकांस पांडवांच्या कथेपेक्षा ही हकीकत कमी हृद्य वाटेल, असे आम्हांस वाटत नाही.

दुसराही एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. या मंदिरास कित्येक लोक 'हेमाडपंती' म्हणतात. परंतु यादवांचा मंत्री हेमाद्री हा तेराव्या शतकातला. त्याच्या पूर्वी सुमारे दोनशे वर्षे हे देवालय उभे होते. शास्त्राप्रमाणे याची शैली 'भूमिज' होय. या शैलीत शिखराच्या चारही अंगांनी नक्षीचे उभे पट्टे वर चढत जातात आणि त्यांच्या मधल्या जागेत लहान लहान शिखरांच्या ओळी एकावर एक रचिलेल्या असतात. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर याच घराण्यातले.

मंदिर पश्चिमाभिमुख असून काळ्या पाषाणाचे आहे. मंडपास पश्चिम, उत्तर व दक्षिण अशा तिन्ही दिशांस द्वारमंडप आहेत. आतील चार स्तंभ तळापासून माथ्यापर्यंत कोरलेले आहेत. मंडपातून गाभाऱ्यात जावयाचे तर पायऱ्या उतरून भूमीच्या पातळीखाली जावे लागते, हे येथील मोठे वैशिष्ट्य. शिखराचा माथा आज नाही. त्यामुळे त्या खोल, शीतल गाभाऱ्यात उभे राहून वर पाहिले असता आकाशाचा तुकडा दृष्टीस पडतो. बाहेरील भिंती अनेक कोनांनी आतबाहेर वळविलेल्या आहेत. ऊन जसजसे फिरते, तसतशी एकेक मूर्ती छायेतून प्रकाशात येते. हे ज्यांनी योजिले, त्या पाथरवटांची बुद्धी केवळ छिन्नीपुरती नव्हती, हे सांगणे नलगे.

1868 साली तत्कालीन मुंबई सरकारने या मंदिराची मोजमापे व चित्रे काढविली आणि शिल्पांचे साचे घेवविले. परकी सरकारास जे मोलाचे वाटले, ते आपणांस कितपत वाटते? आज मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे व महाशिवरात्रीस तेथे अपार गर्दी लोटते. तथापि शेजारून वाहणारी वालधुनी नदी कारखान्यांच्या व शहराच्या सांडपाण्याने काळवंडली आहे; आणि कोरीव मूर्तींस शेंदूर फासणारे हात बहुधा भाविकांचेच असतात. ज्या देवास आपण वंदन करितो, त्याच्याच घराची झीज आपल्या हातून व्हावी, ही खेदाची गोष्ट होय.

2060 साली त्या शिलालेखास एक सहस्र वर्षे पुरी होतील. आज घराघरांतून खेळणारी मुले तो दिवस पाहतील. म्हणून आमची वाचकांस एवढीच विनंती, की अंबरनाथास जाल तेव्हा देवदर्शन झाल्यावर मुलांना उत्तरेच्या दाराशी न्यावे, त्या अक्षरांकडे बोट दाखवावे आणि सांगावे, "हे आपल्यासारख्याच माणसांनी बांधले." पांडवांची कथा मागाहून सांगितली तरी चालेल.