धार पडतेय, पण पंप धड आहे का?

पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. त्या काळात होडीवरचं आउटबोर्ड मशीन उतरवून शेडमध्ये किंवा पडवीत उभं केलं जातं. बंदी उठली की ते परत चढवायचं, दोरी ओढायची, मागून पाण्याची धार पडताना दिसली की निर्धास्त व्हायचं, असा सर्रास शिरस्ता आहे. जुन्या मशीनला हाच शिरस्ता महागात पडतो.

आउटबोर्डला रेडिएटर नसतो. ज्या पाण्यात होडी तरंगते तेच पाणी वर ओढून सिलिंडरभोवती फिरवायचं आणि बाहेर सोडून द्यायचं, एवढीच त्याची थंड राहण्याची सोय. हे काम करणारा पंप खालच्या लेगमध्ये, गिअरच्या वरच्या अंगाला असतो. उभ्या शाफ्टवर रबरी पात्यांचा इम्पेलर बसवलेला असतो आणि त्याच्याभोवती स्टीलचा कप. शाफ्ट या कपच्या बरोबर मध्यावर नसतो, मुद्दाम एका बाजूला सरकवलेला असतो. त्यामुळे फिरताना पाती जवळच्या भिंतीला घासून वाकतात आणि लांबच्या बाजूला येताच सरळ होतात. पाती सरळ होताना मधली जागा वाढते आणि पाणी आत ओढलं जातं. वाकताना जागा कमी होते आणि तेच पाणी तांब्याच्या नळीतून वर ढकललं जातं. म्हणजे सगळी भिस्त रबराच्या लवचिकतेवर.

म्हणूनच ‘मशीन चाललंच नाही, तर पंप खराब कसा होईल?’ हा प्रश्न चुकीचा आहे. मशीन बंद असतं तेव्हाही काही पाती वाकलेल्याच असतात. दोन महिने त्याच अवस्थेत राहिली की रबर तोच बाक धरतं. मग मशीन चालू केल्यावर ती पूर्ण सरळ होत नाहीत आणि भिंतीशी फट राहते. हळू चालवताना धार बारीक पडते किंवा थेंब थेंब येते, रेस दिली की मात्र जोरात येते. ‘रेसला येतेय ना, मग ठीक आहे’ असं म्हणून तो विषय तिथेच सोडला जातो. वेगात इम्पेलर पाणी नुसतं बाहेरच्या बाजूला भिरकावूनही वर चढवू शकतो, त्यामुळे थकलेली पाती झाकली जातात. बंदरात शिरताना किंवा जाळ्याजवळ मशीन मंद ठेवल्यावर ती उघडी पडतात. बहुतेक मशीनच्या मॅन्युअलमध्ये पंप दरवर्षी उघडून बघायला सांगितलेलं असतं. आपल्याकडे त्यासाठी जुलैचा शेवटचा आठवडा उत्तम.

आता धारेकडे वळू. ती पडते आहे म्हणजे पंप थोडंफार पाणी उचलतो आहे, एवढंच नक्की. बऱ्याच मशीनमध्ये धारेची वाट थर्मोस्टॅटच्या, म्हणजे मशीन तापल्यावर उघडणाऱ्या झडपेच्या, आधीच फुटते. पुढे ब्लॉकमध्ये मीठ साचून वाट बुजली असेल, तर धार झकास पडत असतानाही हेड तापू शकतं. उलटही घडतं. पंप उत्तम असतो, पण धारेच्या भोकात मीठ, वाळू किंवा कुंभारमाशीची माती बसलेली असते. म्हणून धार दिसली नाही तर मशीन लगेच बंद करून भोकात तंगुसाचा तुकडा सरकवून बघावा. तार घालू नये, आतली रबरी नळी फाटू शकते. जुन्या जॉन्सन आणि एव्हिनरूडच्या कित्येक मॉडेलांना अशी धारच नाही. लेगच्या मागच्या एक्झॉस्टच्या भोकांतून पाण्याचे तुषार येतात का, एवढंच बघता येतं. लहान जुन्या मशीनवर गरम झाल्याचा भोंगाही बहुधा नसतो. शंका आली तर कव्हर काढून हेडवर दोन थेंब पाणी टाकावं. तडतडून उडालं तर मशीन तिथल्या तिथे बंद करावं.

‘चालू होतंय का बघायला दोन झटके कोरडे मारले तर काय बिघडतं?’ बिघडतं. या पंपाला वंगण पाण्याचंच. पाणी नसेल तर रबर स्टीलवर कोरडं घासतं आणि काही सेकंदांत पात्यांच्या कडा भाजून निघतात. ड्रममध्ये चालवायचं तर पंख्याच्या वरची आडवी प्लेट बुडेल इतकं पाणी हवं.

थर्मोस्टॅट काढून टाकला की मशीन थंड राहतं आणि जास्त टिकतं, असं तर कित्येक मेकॅनिकही सांगतात. बऱ्याच आउटबोर्डमध्ये थर्मोस्टॅट साधारण ५० अंश सेल्सिअसच्या आसपास उघडतो आणि तो तिथे विचारपूर्वक ठेवलेला असतो. गरजेपेक्षा थंड मशीनमध्ये इंधन नीट जळत नाही, प्लग काळे पडतात, कार्बन धरतो. पेट्रोलवर चालू करून मग रॉकेलवर घेतात त्या मशीनला तर हा उपाय आणखी घातक, कारण रॉकेलची वाफ व्हायला उष्णताच लागते. मशीन तापतंय म्हणून थर्मोस्टॅट काढणं म्हणजे दुखणं झाकणं. थर्मोस्टॅट बिघडला असेल तर नवा घालावा.

लेग उतरवून पंप उघडल्यावर नुसता इम्पेलर बदलून भागत नाही. खाडीच्या तोंडाशी ओहोटीला पंखा वाळू उसळवतो, ती पाणी आत घेणाऱ्या जाळीतून शिरते आणि कपला व पंपाच्या खालच्या प्लेटला चरे पाडते. प्लेटवरून नख फिरवावं. नख अडकलं तर तीही बदलावी. जुन्या इम्पेलरचं पातं तुटलं असेल तर त्याचा तुकडा शोधल्याशिवाय मशीन पुन्हा जोडू नये, कारण तो वर जाऊन नळीत किंवा थर्मोस्टॅटपाशी अडकलेला असू शकतो. शाफ्टवरची छोटी चावी बघावी. ती निसटली की शाफ्ट फिरतो आणि इम्पेलर जागेवरच उभा राहतो.

नवी पाती बसवताना साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन पुरतं, तिथे ग्रीस नको. बहुतेक मशीनचा शाफ्ट वरून बघितल्यावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. त्याच दिशेने हळूहळू फिरवत कप खाली दाबला की पाती योग्य बाजूला वाकतात. नंतर शाफ्ट उलटा फिरवू नये. ग्रीस लावायचं ते शाफ्टच्या कंगोऱ्यांवर, टोकावर नाही. टोकावर साचलं की लेग पूर्ण वर बसत नाही. तांब्याची नळी रबरी बुचात बरोबर शिरली का, हे बोल्ट आवळण्याआधी बघावं. खारं पाणी बोल्ट जाम करतं, म्हणून त्यांनाही मरीन ग्रीसचा हात द्यावा.

लेग उतरवलेलाच आहे तर गिअर ऑइलही काढून बघावं. ते दुधाळ दिसलं तर पाणी आत जातंय. पंपाच्या बैठकीखालचं शाफ्टचं सील गेलेलं असू शकतं, आणि ते बदलायला पंप उघडा असतानाच सोपं पडतं.