वेदनेचें मोजमाप



परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचें नांव कानीं पडतांच मनांत कर्करोगाची भीति उभी राहते. परंतु १९४१ सालीं उघडलेल्या या वास्तूंत रोगाइतकाच वेदनेचाही विचार होतो. जो रोग बरा होण्याजोगा नाहीं त्यांतील यातना हलक्या करण्याची विद्या, म्हणजे उपशामक वैद्यक, तिचा देशांतील पहिला एम्. डी. अभ्यासक्रम २०१२ सालीं येथेंच सुरू झाला. हें केंद्र होमी भाभा राष्ट्रीय संस्था या अभिमत विद्यापीठाचा घटक असल्यामुळें पीएच्. डी. चें संशोधनही येथें होतें.

वेदनेंत संशोधण्यासारखें उरलें काय, असें कोणी विचारील. ताप मोजण्यास उष्णतामापक आहे; वेदनेस तसें यंत्र नाहीं. दुखणाइताचा शब्द हेंच तिचें मुख्य माप. कॅनडांतील मेल्झॅक या मानसशास्त्रज्ञानें १९७५ सालीं अशा इंग्रजी शब्दांची वर्गवारी करून प्रश्नावली रचली. आपल्या भाषेंत ठणका, कळ, चमक, शूल, रग, ठसठस असे किती तरी शब्द आहेत! कोणता शब्द कोणत्या विकारांत उमटतो, हें पद्धतशीरपणें ताडून पाहणें हें वैद्याचें, तसेंच मानसशास्त्राच्या व भाषाशास्त्राच्या अभ्यासकाचेंही काम आहे.

लालबागच्या चाळींत माझी थोरली बहीण अंथरुणास खिळली होती. "पायांत मुंग्या येतात, मग वीज चमकून जाते," असें ती सांगे; टिपणांत मात्र "दुखतें" एवढेंच उतरे. पुढें एका जाणत्या परिचारिकेनें तिचें बोलणें जसेंच्या तसें लिहून घेतलें, तेव्हां हें मज्जातंतूंचें दुखणें असावें असें डॉक्टरांच्या ध्यानांत आलें. औषध बदललें आणि कित्येक महिन्यांनीं तिला रात्रीची झोंप लागली.

ज्यांना बोलतां येत नाहीं अशीं तान्हीं मुलें व स्मृति गेलेले वृद्ध यांची वेदना कशी ओळखावी? मॉर्फिन मिळणें सुलभ व्हावें म्हणून २०१४ सालीं कायदा सुधारला. तें खेड्यांतील रुग्णापर्यंत पोहोंचण्यास काय करावें? हेही प्रबंधाचेच विषय होत. आपल्या घरांतील पदवीधरांनीं त्यांचा अवश्य विचार करावा.

आपणां इतरांस एवढें साधेल. घरचें माणूस "दुखतें" म्हणालें, तर "कसें दुखतें?" असें विचारावें, आणि त्याचाच शब्द डॉक्टरांच्या कानीं घालावा.