गावाची राखण आणि गस्तीची वही

सुगीचे दिवस आले की गावात दोन गोष्टी हमखास सुरू होतात. एक मळणी आणि दुसरी गस्त. घरात सोयाबीनची पोती येऊन पडतात, आणि त्याच सुमाराला कुणाच्या विहिरीवरची केबल कापून नेल्याची, कुणाच्या गोठ्यातली शेळी सोडून नेल्याची बातमी कानावर येते. मग पारावर चर्चा होते. दहा-बारा पोरं पुढं होतात, काठ्या आणि बॅटऱ्या गोळा होतात. चार रात्री गस्त जोरात चालते. पाचव्या रात्री निम्मी पोरं येतात आणि आठव्या रात्री पार मोकळा असतो. हे चित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेलं असेल.

गाव आपली राखण आपण करू शकतं का, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे. करू शकतं, असं माझं मत आहे. पण त्यासाठी काठी हातात घेण्याआधी वही हातात घ्यावी लागते. कोण कुठल्या रात्री जागणार, अनोळखी माणूस दिसला तर काय विचारायचं, कुणाला फोन करायचा, हे आधी ठरलेलं आणि लिहिलेलं नसेल, तर राखण करायला निघालेला गट आणि जमाव यांच्यात फार अंतर राहत नाही.

जुन्या गावगाड्यात राखणीची व्यवस्था होती. वेशीवर वेसकर असे, पाटलाच्या हाताखाली जागल्या असे, काही भागांत रामोशी रखवाली करत. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ साली आलं. जुनं गाव कसं चालत होतं हे समजून घ्यायला ते आजही उपयोगी पडतं. पण त्या व्यवस्थेत मोठा अन्याय होता. ज्याचं घर वेशीबाहेर, त्याच्याकडेच वेशीची राखण. चोरी झाली की माग काढायचा जागल्यानं, आणि पहिला संशयही त्याच्यावरच किंवा त्याच्यासारख्या कुणावर. स्वातंत्र्यानंतर ही वतनं गेली हे चांगलंच झालं. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ ग्रामवतनं रद्द झाली. पुढं १९६७ चा महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम आला आणि पोलीस पाटील हा वंशपरंपरेनं न येता सरकारनं नेमलेला, मानधनावरचा माणूस झाला.

वतन गेलं, पण काम शिल्लक राहिलं. रात्र तर रोजच होते. एका जातीवर लादलेलं जे काम होतं, ते आता सगळ्यांनी आळीपाळीनं, आपखुशीनं करायचं आहे. गावातल्या स्वयंसेवेचा खरा अर्थ मला तरी हाच दिसतो. म्हणून ग्रामसुरक्षा दलाची यादी करताना पहिला प्रश्न असा विचारावा, की या यादीत सगळ्या आळ्यांची, सगळ्या वस्त्यांची नावं आहेत का? दलात एकाच भावकीची पोरं असतील, तर बाकीच्या गावाला त्या काठीचा आधार वाटण्याऐवजी धाकच वाटेल.

या कामाला कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ मध्ये गावाच्या रक्षणासाठी स्वयंसेवी दल उभं करण्याची तरतूद आहे, आणि तो अधिकार पोलीस अधीक्षकांकडे आहे. म्हणजे दलातल्या प्रत्येकाचं नाव पोलीस ठाण्यात माहीत असायला हवं. कायद्याची मर्यादाही आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्या डोळ्यांदेखत कुणी दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करत असेल, तर साध्या नागरिकालाही त्याला धरता येतं. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता सांगते, की अशा माणसाला विनाकारण उशीर न करता, आणि कुठल्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली केलं पाहिजे. त्याला मारण्याचा, बांधून चौकशी करण्याचा अधिकार गस्तीवाल्याला नाही. आणि नुसता संशय आला म्हणून तर कुणाला धरताही येत नाही.

ही मर्यादा विसरली की काय होतं, हे महाराष्ट्रानं पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा तेव्हा मोबाइलवरून फिरत होती. ही माणसं सोलापूरकडून पोटासाठी, भिक्षा मागत आली होती. बाजाराचा दिवस होता. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथंच मारलं. जी इमारत गावाच्या कारभारासाठी बांधली, तिच्यातच हे घडलं. त्यानंतर पंधरवड्याच्या सुमारास, १७ जुलैला, सर्वोच्च न्यायालयानं झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमावा, असे निर्देश दिले. तरीही १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथं दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक असे तिघे जमावाच्या हातून मारले गेले. टाळेबंदीचे दिवस होते, चोर येतात अशी अफवा होती, आणि लोक रात्रीचा पहारा देत होते.

दोन्ही ठिकाणी मारणाऱ्यांच्या मनात आपण गावाची राखण करतोय, हीच भावना असणार. मला त्याचीच भीती वाटते. मेलेल्यांत भटके होते, साधू होते, पोटासाठी गाडी चालवणारा होता. अफवेला जात-धर्म नसतो. तिला फक्त अनोळखी माणूस लागतो. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या आणि नगरकडच्या कितीतरी गावांत रात्री ड्रोन फिरतात म्हणून लोक जागत होते. अशा वेळी गावात शिरलेल्या परक्या माणसाचं काय होणार, हे त्या गावानं आधी काय ठरवून ठेवलं आहे त्यावर अवलंबून असतं.

ठरवून ठेवलेलं असलं की काय होतं, त्याचाही अनुभव सांगतो. कविसंमेलनाच्या निमित्तानं माझं गावोगाव जाणं होतं. एकदा एसटी रखडली आणि एका गावी रात्री साडेअकराला उतरलो. पारावर चार पोरं बसली होती. एकानं विचारलं, "काका, कुणाकडं जायचंय?" मी माझं नाव सांगितलं, यजमानांचं सांगितलं. मुलाणी म्हणून आमचे लोक या गावगाड्यात बलुतेदारच होते, तरी माझं नाव ऐकल्यावर काही ठिकाणी जी क्षणभर शांतता होते, ती मला परिचयाची आहे. तिथं तसं काही झालं नाही. त्या पोरानं वहीत माझं नाव आणि वेळ लिहिली, यजमानांना फोन लावला आणि बॅटरी घेऊन मला दारापर्यंत सोडायला आला. मी म्हटलं, "कशाला त्रास घेतोस?" तर म्हणाला, "वहीत लिहिलं म्हणजे आता तुम्ही आमच्या जिम्म्यात." त्या पोरानं माझ्यावर पाळतही ठेवली आणि मला संरक्षणही दिलं. नियम असला की या दोन्ही गोष्टी एकदम होऊ शकतात.

निरोप कसा पोहोचवायचा, यालाही नियम हवा. पुणे, सातारा, नगर, नाशिक अशा जिल्ह्यांतल्या अनेक गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा चालते. कल्पना सोपी आहे. गावकऱ्यांचे मोबाइल क्रमांक आधी नोंदवलेले असतात. चोर, आग, बिबट्या, अपघात असं काही संकट आलं, की एका ठरलेल्या क्रमांकावर फोन करून बोलायचं. तोच आवाज त्या गावातल्या सगळ्या फोनवर एकाच वेळी ऐकू जातो. बोलणाऱ्यानं आधी स्वतःचं नाव, गाव, मग घटना सांगायची असते. निनावी पुढं ढकललेला निरोप आणि शेजाऱ्याच्या आवाजातला, नावासकट आलेला निरोप, यांत फार फरक आहे. नाव सांगावं लागलं, की खोटं बोलणारा दहादा विचार करतो. शिवाय ११२ हा क्रमांक पोलिसांसाठी आणि १०८ हा रुग्णवाहिकेसाठी आहे, हे लहान पोरालाही पाठ असावं.

आता दुसरी बाजू. राखण फक्त चोरापासून करायची नसते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं, दीडशेवर माणसं गेली. गाव नाहीसं झाल्याचं पहिल्यांदा लक्षात आलं ते नेहमीच्या एसटीच्या चालकाला. रोज ये-जा करणाऱ्या माणसाला काय जागेवर नाही ते चटकन कळतं. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला महापुरात क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेऊन निघालेली बोट उलटली आणि कितीतरी जण बुडाले. पाणी चढत असताना बोटीत आधी कोण बसणार, एका फेरीत किती जण, हे त्या घाईत ठरवता येत नाही. ते उन्हाळ्यात, कोरड्या जमिनीवर बसून ठरवावं लागतं. म्हणूनच नियोजन आणि सुरक्षा हे दोन विषय मला वेगळे वाटत नाहीत.

या नियोजनाची जागा ग्रामसभा आहे. २०१५-१६ पासून 'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमात ग्रामपंचायत आपला आराखडा आपण करते. चौदाव्या वित्त आयोगापासून निधीही थेट ग्रामपंचायतीकडे येऊ लागला. पण ग्रामसभेचं काय होतं? गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांत जी संख्या कमी असेल तेवढी हजर हवीत. तेवढीही जमत नाहीत, सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग पाच-पंचवीस माणसांत वर्षाचा आराखडा मंजूर होतो आणि बाकीचे वर्षभर पारावर बसून त्याला नावं ठेवतात.

गावात बसून, फारसा खर्च न करता, या आराखड्यासाठी काय करता येईल? मोकळ्या जागेत रांगोळीनं गावाचा नकाशा काढावा. हे अनेक गावांनी केलं आहे. त्यावर कठडा नसलेली विहीर दाखवा, कललेला विजेचा खांब, पावसात बुडणारा ओढ्यावरचा पूल, दिवा नसलेलं वळण दाखवा. हे करताना बायकांना आधी बोलू द्या. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते ती याचसाठी. अंधाराची जागा कुठली, हे पुरुषांपेक्षा त्यांना नेमकं ठाऊक असतं.

मग वही करा. पहिल्या पानावर अंथरुणाला खिळलेली, एकटी राहणारी, अपंग माणसं आणि दिवस भरत आलेल्या बाया यांची नावं. दुसऱ्या पानावर साधनं: ट्रॅक्टर कुणाकडे, दोर कुणाकडे, पोहणारं कोण, रात्री गाडी काढणारं कोण. तिसऱ्या पानावर गस्तीच्या पाळ्या, एका रात्रीला चौघं, म्हणजे महिन्यातून एकदाच पाळी येईल आणि पोरं आठ दिवसांत कंटाळणार नाहीत. चौथ्या पानावर बाहेरून आलेल्यांची नोंद: ऊसतोड कामगार, मेंढपाळ, फेरीवाले, भिक्षेकरी. ही नोंद त्यांच्यावर नजर ठेवण्याइतकीच त्यांच्या रक्षणासाठीही आहे. पुराचं पाणी आलं, तर फडातल्या कोप्या कुणी मोजायच्या, हे त्या पानावरून कळेल.

श्रमाला माणसं मिळत नाहीत, ही तक्रारही मला पुरती खरी वाटत नाही. २०१६ साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं. त्या स्पर्धेत गावातल्या निवडक माणसांना आधी प्रशिक्षण होतं, मुदत ठरलेली होती, काम मोजलं जात होतं. काम किती, कुठवर आणि कुणाबरोबर, हे सांगितलं की माणसं घमेलं उचलतात. नुसतं "या" म्हटलं तर कुणी येत नाही.

मित्रहो, गावाला वेस असते ती आत आणि बाहेर वेगळं करण्यासाठी. पण वेशीतूनच पाहुणा येतो, लेक माहेरी येते, डॉक्टर येतो, गोसावीही येतो. वेशीवर उभं राहणाऱ्यानं आधी नाव विचारावं, ते लिहून घ्यावं आणि शंका असेल तर पोलिसांना कळवावं. एवढं शिस्तीनं पाळलं, तर कुणाचा जीव जाणार नाही आणि चोरालाही ते गाव सोपं वाटणार नाही. पुढच्या ग्रामसभेला जरूर जा, आणि उठून विचारा, की आपल्या गावाची वही कुणाकडे आहे? नसेल, तर दुकानातून एक आणा आणि पहिलं नाव तुमचं लिहा.