ऑक्सफर्ड ते भिंगार

आमच्या आजीच्या तोंडी ‘मिशन’ म्हणजे दवाखाना. ‘पोरीला मिशनमध्ये दाखवून आण,’ एवढं ती म्हणाली की आई टांगा बोलवायची. वडील मिशन म्हणायचे ते शाळेला, आणि शेजारच्या मावशी रविवारी घंटा वाजणाऱ्या चर्चला. नगरात १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं पडलं, तेव्हापासून हा शब्द इथल्या बोलीत मुरलाय. म्हणून कॉलेजात ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी धरून चालले की हेही कुणा गोऱ्या पाद्र्याचंच काम. पण काढणारा निघाला जमखंडीचा मराठा, भागवत वळणाच्या घरातला, अभंग म्हणत वाढलेला. त्याहून मोठा धक्का म्हणजे, या मिशनचा संकल्प त्यानं सोडला तो आमच्या भिंगारात! त्या दिवसापासून तीसेक वर्षं मी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या मागावर आहे.

चरित्र थोडक्यात सांगते. जन्म २३ एप्रिल १८७३, जमखंडी. १८९८ साली फर्ग्युसनमधून बी. ए., मग वकिलीचा अभ्यास, तो अर्धवट. पुण्या-मुंबईत प्रार्थना समाजाची ओढ लागली आणि वकिलीपेक्षा धर्मप्रचाराचं काम जवळचं वाटलं. इंग्लंडमधल्या युनिटेरियन, म्हणजे एकेश्वरवादी ख्रिस्ती मंडळींची एक शिष्यवृत्ती होती. ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकायचं आणि परत येऊन ब्राह्मधर्माच्या प्रचाराला वाहून घ्यायचं, अशी तिची अपेक्षा. ती शिंदे यांना मिळाली. पत्नी आणि बाकीचा संसार मागे ठेवून सप्टेंबर १९०१ मध्ये ते बोटीत बसले, तेव्हा वय अठ्ठावीस. पुढचं सगळं ज्यांना नीट हवं त्यांनी गो. मा. पवार यांचं चरित्र वाचावं. त्याला २००७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि माझ्या मते मराठीत इतक्या कष्टानं लिहिलेली चरित्रं हाताच्या बोटांवर मोजावीत.

मला ओढ आहे ती ऑक्सफर्डच्या त्या दोन वर्षांची. शिंदे मार्सेयला उतरले आणि पॅरिसवरून इंग्लंडला गेले. वाटेत पाहिलेलं ते प्रार्थना समाजाच्या ‘सुबोधपत्रिके’ला पत्रांतून कळवत राहिले. पॅरिस तेव्हा कसं असेल! आदल्याच वर्षी तिथे जागतिक प्रदर्शन भरून गेलेलं, जमिनीखालून मेट्रो धावायला लागलेली, आयफेल मनोरा जेमतेम बारा वर्षांचा. जमखंडीच्या वाड्यात वाढलेला माणूस त्या रस्त्यांवर उभा आहे, हे चित्र मी कितीदा तरी डोळ्यांपुढे आणलंय. ती पत्रं वाचताना एक गोष्ट जाणवत राहते: हा माणूस नुसता इमारती बघत फिरत नाही. माणसं कशी राहतात, कशी प्रार्थना करतात, एकमेकांशी कशी वागतात, इकडे त्याचं लक्ष. आपल्याकडच्या प्रवासवर्णनांत हे आजही फार आढळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझी भाची रेडिंगला नोकरी करते. तिच्याकडे गेले तेव्हा पहिल्याच शनिवारी म्हटलं, ‘मला ऑक्सफर्डला ने.’ ती म्हणाली, ‘मावशी, हॅरी पॉटरचं जेवणघर बघायचंय का?’ मी म्हटलं, ‘नाही गं, मॅन्सफील्ड रोड.’ तो रस्ता शांत आहे, पर्यटकांच्या गर्दीतून जरा आत. मँचेस्टर कॉलेजची दगडी इमारत तिथे १८९३ पासून उभी आहे. १९९६ पासून तिचं नाव हॅरिस मँचेस्टर कॉलेज. फाटकावरच्या गृहस्थांना मी सांगितलं, ‘आमच्याकडचे एक विद्यार्थी इथे १९०१ साली शिकायला होते, त्यांची जागा बघायचीय.’ त्यांनी हसून आत सोडलं.

या कॉलेजाची गोष्टही ऐकण्यासारखी. स्थापना १७८६ ची, मँचेस्टरमध्ये. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या पदव्या तेव्हा चर्च ऑफ इंग्लंडचं मत मानणाऱ्यांनाच मिळत, म्हणून वेगळ्या मताच्या लोकांनी आपली स्वतंत्र शाळा काढली. ती मँचेस्टरहून यॉर्कला गेली, परत मँचेस्टरला आली, तिथून लंडनला गेली आणि १८८९ साली ऑक्सफर्डला येऊन स्थिरावली. शंभर वर्षं बिऱ्हाड पाठीवर! तिथला नियम असा की धर्मशास्त्र मोकळेपणानं शिकवायचं, मोकळेपणानं शिकायचं, कुणावर कुठल्याही मताची सक्ती नाही. ब्राह्म विचाराच्या हिंदू तरुणाला ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या कॉलेजात जागा मिळाली ती याच नियमामुळे.

प्रार्थनामंदिरात मी तासभर बसले. भाची दोनदा बाहेर जाऊन आली. एडवर्ड बर्न-जोन्सनं आखलेल्या आणि विल्यम मॉरिसच्या कारखान्यात घडलेल्या रंगीत काचा तिथे आहेत. सृष्टीच्या सहा दिवसांचे सहा देवदूत, प्रत्येकाच्या हाती एक गोळा, आणि त्या त्या दिवशी जे निर्माण झालं ते त्या गोळ्यात. बाहेर ऊन आलं की काचेतला निळा रंग बाकांवर उतरतो. ढग आला की विझतो, पुन्हा उतरतो. शिंदे आले तेव्हा या काचा नव्याकोऱ्या होत्या, बसवून पाच-सात वर्षं झालेली. थंडीत आखडलेल्या हातांनी प्रार्थनेची पोथी धरून हा माणूस याच बाकांवर बसला असेल, या विचारानं मला भरून आलं.

तिथे त्यांना शिकवणारांत जे. एस्टलिन कार्पेंटर होते. तौलनिक धर्माभ्यासाचे जाणकार, पालीचे पंडित. ऱ्हिस डेव्हिड्सबरोबर त्यांनी दीघनिकाय या बौद्ध ग्रंथाची संहिता संपादित केली. इथे थोडं आडवळण घेते, कारण हा धागा मला फार आवडतो. ब्राह्म समाजाचे राजा राममोहन रॉय १८३३ साली ब्रिस्टलला गेले आणि तिथेच वारले. ब्रिस्टलमधले त्यांचे स्नेही लँट कार्पेंटर हे एस्टलिन यांचे आजोबा. लँट यांची मुलगी मेरी कार्पेंटर १८६६ साली हिंदुस्थानात आली, मुलींच्या शिक्षणासाठी हिंडली. म्हणजे एस्टलिन यांच्या घरात हिंदुस्थान तीन पिढ्या नांदत होता. अशा गुरूपुढे शिंदे बसले, आणि बुद्धाचा धर्म त्यांनी तिथे अभ्यासला. पुढे याच कॉलेजात १९२६ साली राधाकृष्णन यांनी हिंदू जीवनदृष्टीवर व्याख्यानं दिली.

कॉलेजातून निघून आम्ही ब्रॉड स्ट्रीटच्या टोकाला गेलो. तिथे मोनियर-विल्यम्स यांच्या खटपटीतून उभी राहिलेली इंडियन इन्स्टिट्यूटची जुनी इमारत आहे. वर पाहिलं तर वाऱ्याची दिशा दाखवायला कोंबडा नाही, हत्ती! वारा सुटला की तो सोनेरी हत्ती ऑक्सफर्डच्या मनोऱ्यांमध्ये हळूच तोंड फिरवतो. शिंदे इथून जाता-येता मान वर करत असतील का? माझी खात्री आहे, करत असतील.

मिशनची तयारी मात्र सगळी पुस्तकांतून झाली नाही. युनिटेरियनांनी १८३० नंतरच्या दशकात लंडन, लिव्हरपूल, मँचेस्टर अशा शहरांत ‘डोमेस्टिक मिशन’ सुरू केली होती. परदेशी जाऊन धर्मांतरं करायची नाहीत. आपल्याच शहरातल्या गल्लीबोळांत, गरिबांच्या खोल्यांत जायचं, आजाऱ्याची विचारपूस करायची, पोरांना शिकवायचं, दारूत बुडालेल्याला धीर द्यायचा. शिंदे यांनी हे काम जवळून पाहिलं. माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या कार्याची बी इथे आहे. मिशन म्हणजे दूर देशी जाणं, हा अर्थ इथे उलटा झाला. आपल्याच घरात ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवलं त्यांच्याकडे जाणं, हे मिशन.

सप्टेंबर १९०३ मध्ये उदारमतवादी धर्मचिंतकांची परिषद ॲमस्टरडॅमला भरली. तिथे शिंदे यांनी हिंदुस्थानातल्या उदार धर्मावर निबंध वाचला, आणि मग ते परतले. मुंबईत प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. गावोगाव फिरणं, उपासना, कीर्तनं, व्याख्यानं.

आणि १९०५ साली ते नगरला आले.

भिंगार आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. छावणीचं गाव. १७०७ साली औरंगजेबानं इथेच शेवटचा श्वास घेतला, ती आलमगीरची जागा लोक अजून दाखवतात. पण भिंगारची माझ्या लेखी खरी थोरवी १९०५ च्या त्या रात्रीची. तिथल्या अस्पृश्य मंडळींनी शिंदे यांना आपल्या सभेला बोलावलं. सभा रात्री उशिरा भरली. दिवसभराची कामं उरकल्याशिवाय त्या माणसांना दुसरा वेळ कुठला असणार! ही छावणीच्या आसऱ्यानं राहणारी वस्ती. पलटणीतली महारांची भरती सरकारनं दहा-बारा वर्षांपूर्वीच बंद केलेली, म्हणजे घराघरात पेन्शनीतला आजोबा आणि बेकार नातू. ती माणसं अंधारात जमली आणि आपल्या मुलांच्या शाळेविषयी, आपल्या स्थितीविषयी बोलली. ऐकता ऐकता शिंदे यांनी मनाशी ठरवलं की या लोकांसाठी स्वतंत्र मिशन काढायचं.

मी त्या भागात अनेकदा हिंडलेय. नेमकी जागा दाखवणारी पाटी कुठे नाही. एका ओट्यावर बसलेल्या आजोबांना विचारलं, तर ते म्हणाले, ‘बाई, सभा तर लई झाल्या इथं. तुम्ही कोंची म्हंता?’ मी १९०५ सांगितलं. ते गप्प झाले, मग नातवाला हाक मारून म्हणाले, ‘हे लिहून घे रं.’ पोरानं वहीच्या मागच्या पानावर शिंद्यांचं पूर्ण नाव लिहून घेतलं.

नगरचा हा गुण मला विलक्षण वाटतो. जोतीराव फुले १८४८ साली इथे आले होते. अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि पुण्याला जाऊन आपली शाळा काढली. सत्तावन्न वर्षांनी शिंदे आले, भिंगारची सभा पाहिली आणि मुंबईला जाऊन मिशन काढलं. ठिणगी दोन्ही वेळा आमच्या मातीतली. नगरच्या शाळांत हे मुलांना सांगितलं जायला हवं, आणि मी जिथे शिकवत होते तिथे दरवर्षी सांगत आले.

शिंदे यांनी १९०१ च्या शिरगणतीचे आकडे काढून अस्पृश्यांची संख्या अभ्यासली, सहकारी जमवले, न्यायमूर्ती नारायण चंदावरकर यांना अध्यक्ष केलं आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळला पहिली शाळा उघडली. ते ऐन दिवाळीचे दिवस होते. मराठीत नाव ठेवलं ‘भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी’. बहीण जनाक्का या कामात पहिल्यापासून उतरल्या. ऑक्सफर्डहून आलेला भाऊ आणि जमखंडीची बहीण गिरणगावातल्या चाळींतून पोरं गोळा करत फिरताहेत, हे दृश्य मला त्या रंगीत काचांइतकंच सुंदर वाटतं.

पुण्याच्या नाना पेठेत मिशनची वास्तू उभी राहिली ती इंदूरच्या तुकोजीराव होळकरांच्या देणगीतून. म्हणून तिचं नाव अहिल्याश्रम. अहिल्याबाई जन्मल्या चौंडीला, जामखेड तालुक्यात, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात, आणि आता जिल्ह्यालाही त्यांचंच नाव आहे. मागच्या मार्गशीर्षात मी अहिल्याश्रमाच्या दारात उभी होते. मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि डबे हातात घेतलेली पोरं आवारात पसरली. एका मुलीनं विचारलं, ‘तुम्ही कुणाच्या आजी?’ मी सांगितलं, ‘मी नगरहून आले.’ ती म्हणाली, ‘माझी मम्मी पण नगरची. भिंगारची.’