वेगाचा आकडा आणि दुकानातला संगणक

जोगेश्वरीतल्या झेरॉक्सच्या दुकानातला जुना संगणक रेंगाळू लागला की मालक लॅमिंग्टन रोडचा बाजार गाठतो आणि एसएसडीच्या दोन खोक्यांपुढे अडतो. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, एनव्हीएमई ३,५०० किंवा त्याहूनही जास्त. पण सहापट वेगाने काम सहापट लवकर होत नाही. जुन्या संगणकातल्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेत असली, तरी तिच्यावर नेमकी जागा शोधण्यातच सुमारे १० मिलिसेकंद जातात. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने हा वेळ जवळपास शंभरपटीने घटतो. संगणक सुरू होताना असंख्य लहान फायली उघडतात. जाणवतो तो हाच फरक, आणि तो दोन्ही खोक्यांत मिळतो. भाव सारखाच असेल तर? मग एनव्हीएमई जरूर घ्यावी, पण जुन्या मदरबोर्डवर तिची खाच बहुधा नसतेच.

स्वस्त एसएसडीतली क्यूएलसी चिप लवकर झिजते, हा आक्षेप खरा आहे. तिच्या एकेका पेशीत चार बिट बसवलेले असतात, टीएलसीत तीन. तरी १ टीबीच्या काही क्यूएलसी एसएसडींवर ३६० टीबी लेखनाची हमी मिळते. रोज ३० जीबी लिहिले तर तेवढे लेखन व्हायला जवळपास ३३ वर्षे लागतील. एसएसडीचा कंट्रोलर मात्र अचानक दगा देऊ शकतो. शिवाय २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तसे पाणी दुकानात शिरले तर महागडी चिपही वाचत नाही. म्हणून जास्तीचे पैसे वेगावर न घालता साध्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर घालावेत आणि दर शनिवारी फायलींची प्रत घरी न्यावी.