अमेरिकन मतदाराची धाकधूक

दर चार वर्षांनी, नोव्हेंबर महिन्यातील पहिल्या सोमवारनंतर येणाऱ्या मंगळवारी, अमेरिकेतील नागरिक आपल्या अध्यक्षाच्या निवडीसाठी मतदान करतात. हा दिवस १८४५ साली कायद्याने ठरला. त्या वेळी तो देश मुख्यतः शेतकऱ्यांचा होता. नोव्हेंबरच्या आरंभी सुगी उरकलेली असे आणि थंडीने वाटा अडलेल्या नसत. रविवार प्रार्थनेचा, बुधवार पुष्कळ ठिकाणी बाजाराचा. तेव्हा सोमवारी घोडागाडी जुंपून निघावे, मंगळवारी मोठ्या गावी मत द्यावे आणि बाजाराला परत यावे, असा तो सरळ हिशेब होता. घोडागाड्या गेल्या, शेतकरी थोडे उरले, पण मंगळवार कायम राहिला. १८६४ साली यादवी युद्ध चालू होते, १९३२ साली आर्थिक मंदीने लोक हवालदिल झाले होते, १९४४ साली महायुद्ध पेटलेले होते आणि २०२० साली महामारीने घरे बंद केली होती. ह्या चारही वर्षी निवडणूक ठरल्या वारीच पार पडली.

दिवस असा पक्का असूनही निकालाची वाट पाहणाऱ्या मतदाराचे मन मात्र स्वस्थ नसते. ‘अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन’ ही मानसशास्त्रज्ञांची संस्था लोकांच्या मानसिक ताणाची पाहणी करीत असते. अध्यक्षीय निवडणुकीचा आपल्या मनावर मोठा ताण आहे, असे २०१६ साली शंभरांतील ५२ प्रौढांनी सांगितले. हे प्रमाण २०२० साली ६८ वर आणि २०२४ साली ६९ वर गेले. मराठीत ज्याला देव पाण्यात घालून बसणे म्हणतात, तीच ही अवस्था. आपला उमेदवार हरेल ही भीती तिच्या मुळाशी आहेच. पण ती भीती प्रत्येक लोकशाहीत असते. अमेरिकन मतदाराच्या चिंतेला आणखी दोन कारणे आहेत. आपल्या मताचे खरे वजन किती, हे त्याला मतदानाच्या दिवशी ठाऊक नसते, हे पहिले. मोजून जाहीर झालेला निकाल सर्व पक्ष मान्य करतील किंवा नाही, याची त्याला पूर्ण खात्री नसते, हे दुसरे.

पहिल्या कारणाचा उगम अमेरिकेच्या राज्यघटनेतच आहे. तेथील नागरिक अध्यक्षाला थेट निवडीत नाहीत. ते आपापल्या राज्याचे निर्वाचक निवडतात आणि हे निर्वाचक अध्यक्ष निवडतात. प्रतिनिधिगृहात राज्याचे जितके सभासद, त्यांत सेनेटचे दोन मिळवावे, तितके त्या राज्याचे निर्वाचक. ४३५ आणि १०० मिळून ५३५ होतात. राजधानी वॉशिंग्टनच्या रहिवाशांना १९६१ च्या घटनादुरुस्तीने तीन निर्वाचक मिळाले, म्हणून एकूण संख्या ५३८ झाली. ज्याला २७० मिळतील तो अध्यक्ष. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये वगळता बाकीच्या ४८ राज्यांत आणि राजधानीत असा नियम आहे की, ज्याला एका मताचे जरी आधिक्य मिळेल, त्याच्या पदरात तेथील सर्व निर्वाचक पडावेत.

ह्या नियमाचा परिणाम पाहण्यासारखा आहे. २०२४ साली कॅलिफोर्नियात डोनाल्ड ट्रम्प यांना ६० लाखांहून अधिक मते पडली. त्या राज्याचे ५४ निर्वाचक. परंतु त्यांतील एकही त्यांना मिळाला नाही, कारण कमला हॅरिस यांना तेथे त्याहून अधिक मते होती. त्याच दिवशी टेक्सासमध्ये हॅरिस यांना ४८ लाखांच्या वर मते मिळाली आणि त्यांनाही तेथून एकही निर्वाचक लाभला नाही. ज्या राज्याचा कल आधीच ठरलेला, तेथील विरोधी मतदाराला आपले मत पालथ्या घड्यावरच्या पाण्यासारखे वाटावे, यात नवल नाही. उलट ज्या राज्यांत दोन्ही पारडी जवळजवळ समतोल असतात, तेथील मतदाराच्या दारी उमेदवार पुनःपुन्हा येतात. २०२४ साली पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, ॲरिझोना आणि नेव्हाडा ही सात राज्ये अशी होती. सगळ्या देशाचे डोळे ह्या सातांकडे लागलेले होते. एका बाजूला आपल्या हाती काहीच नाही ही हतबलता आणि दुसऱ्या बाजूला सारे आपल्याच हाती आहे हे दडपण, असे चिंतेचे दोन प्रकार एकाच देशात एकाच दिवशी नांदत असतात.

देशभरात अधिक मते मिळवूनही उमेदवार हरू शकतो, ही गोष्ट केवळ कल्पनेतील नाही. १८२४, १८७६, १८८८, २००० आणि २०१६ अशी पाच वेळा ती घडली आहे. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा २८ लाखांहून अधिक मते होती. परंतु मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया ह्या तीन राज्यांतील मिळून सुमारे ७८ हजार मतांच्या फरकाने अध्यक्षपद ट्रम्प यांच्याकडे गेले. २०२० साली जो बायडेन यांचे देशभरातील आधिक्य ७० लाखांच्या वर होते. तथापि जॉर्जिया, ॲरिझोना आणि विस्कॉन्सिन येथील मिळून सुमारे ४३ हजारांचा फरक उलट पडता, तर दोघांचे निर्वाचक २६९ असे समसमान झाले असते आणि निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली असती. तेथे अशा प्रसंगी प्रत्येक राज्याला, ते मोठे असो वा लहान, एकच मत असते. १५ कोटी ८० लाखांहून अधिक लोकांनी मत दिलेल्या निवडणुकीचे भवितव्य अशा बारीक धाग्यावर लोंबत होते.

मग लोकमताची चाचणी घेऊन हे आधीच का कळू नये, असे कोणी विचारील. शितावरून भाताची परीक्षा होते खरी. पण भात सगळीकडे सारखा शिजलेला असेल तरच. १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ ह्या साप्ताहिकाने एक कोटी लोकांना पत्रिका पाठविल्या. त्यांतील वीस लाखांहून अधिक भरून परत आल्या आणि त्यांवरून आल्फ्रेड लँडन निवडून येतील असे भाकीत झाले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट प्रचंड बहुमताने विजयी झाले. लँडन यांना मेन आणि व्हरमाँट ही दोनच राज्ये मिळाली. साप्ताहिकाने नावे घेतली होती ती टेलिफोनच्या व मोटारमालकांच्या याद्यांतून. मंदीच्या त्या काळात गरीब मतदार त्या याद्यांत फारसा नव्हताच. १९४८ साली चाचण्या मतदानाच्या बऱ्याच आधी थांबविल्या गेल्या आणि शेवटच्या दिवसांत ट्रुमन यांच्याकडे वळलेला कल चाचणी घेणाऱ्यांना दिसलाच नाही. त्यानंतर ह्या शास्त्राने पुष्कळ प्रगती केली. तरीही हजार लोकांच्या चाचणीत शेकडा तीनपर्यंतची चूक संभवतेच, आणि अध्यक्षपद ज्या राज्यांवर ठरते तेथील अंतर पुष्कळदा शेकडा एकाहूनही कमी असते. वाव भर अंतर मोजण्याची काठी बोटभर अंतरासाठी निरुपयोगी ठरते. मतदार रोज नवी चाचणी वाचतो आणि रोज अधिकच संभ्रमात पडतो.

मते पडल्यावरही ही धाकधूक लगेच संपत नाही. भारतात निवडणूक आयोग ही एकच घटनात्मक संस्था साऱ्या देशाचे मतदान व मतमोजणी पाहते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत १९ एप्रिलला पहिल्या टप्प्याचे मतदान झाले, तरी सर्व यंत्रे सीलबंद राहिली आणि मोजणी ४ जूनला एकाच दिवशी सर्वत्र सुरू झाली. अमेरिकेत अशी एक मध्यवर्ती संस्था नाही. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आणि प्रत्यक्ष काम हजारो स्थानिक कचेऱ्यांचे. २०२० साली महामारीमुळे कोट्यवधी लोकांनी टपालाने मते दिली. काही राज्ये टपालाच्या पाकिटांची तपासणी आधीच करून ठेवतात; पेनसिल्व्हेनिया व विस्कॉन्सिन येथे मात्र मतदानाच्या दिवसाआधी पाकीट उघडण्यास कायद्याची मनाई होती. ३ नोव्हेंबरच्या रात्री केंद्रांवरची मते आधी मोजली गेली आणि ट्रम्प आघाडीवर दिसले; पुढे टपाली मते मोजली जाऊ लागली, तशी बायडेन यांची मते वाढत गेली. ७ नोव्हेंबरला, शनिवारी, चित्र स्पष्ट झाले. मोजणीचा क्रम एवढेच त्या चढउताराचे कारण होते. परंतु ज्याला तो क्रम ठाऊक नव्हता, त्याला त्यात कपट दिसले.

येथेच चिंतेचे दुसरे कारण येते, आणि ते अधिक गंभीर आहे. निवडणूक संपली असे केव्हा म्हणावयाचे? १८७६ साली तीन दक्षिणी राज्यांतील निर्वाचकांविषयी व ऑरेगनमधील एकाविषयी वाद उत्पन्न झाला. पंधरा जणांच्या आयोगाने आठ विरुद्ध सात अशा मतांनी निर्णय दिले आणि १८५ विरुद्ध १८४ अशा एका निर्वाचकाच्या फरकाने रदरफर्ड हेज अध्यक्ष झाले. हा निकाल २ मार्च १८७७ रोजी लागला, तेव्हा जुन्या अध्यक्षाची मुदत संपण्यास दोनच दिवस उरले होते. त्यामागोमाग दक्षिणेतील उरल्यासुरल्या संघीय फौजांचे संरक्षण काढून घेण्यात आले आणि नुकताच मताधिकार मिळालेल्या कृष्णवर्णीय नागरिकांकडून तो हळूहळू हिरावला गेला. १९६५ च्या मताधिकार कायद्यापर्यंत त्यांच्या कित्येक पिढ्यांना मतदानाच्या दिवशी निकालाची नव्हे, तर मतपेटीपर्यंत पोहोचण्याचीच चिंता होती.

२००० साली फ्लोरिडातील सुमारे ६० लाख मतांत दोघा उमेदवारांमधील अंतर शेवटी ५३७ मतांचे ठरले. त्या रात्री अल गोर यांनी जॉर्ज बुश यांना दूरध्वनीवरून पराभव मान्य असल्याचे कळविले आणि काही वेळाने पुन्हा दूरध्वनी करून ते शब्द मागे घेतले. भोक पाडावयाच्या मतपत्रिकांवर कागदाचा कपटा पुरता सुटला आहे की लोंबतो आहे, हे अधिकारी भिंगातून पाहत होते. पाच आठवड्यांनी, १२ डिसेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने फेरमोजणी थांबविली. दुसऱ्या दिवशी गोर यांनी निर्णयाशी असहमती सांगूनही तो मान्य केला. हरलेल्याने हार मान्य करावी असे अमेरिकेच्या कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. १८९६ साली विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी विजयी मॅकिन्ले यांना अभिनंदनाची तार पाठविली आणि तेव्हापासून तो रिवाज रूढ होत गेला. मतदाराची चिंता शमविण्याचे काम ह्या अलिखित रिवाजाने जितके केले, तितके लिखित कलमांनी क्वचितच केले असेल.

ह्या रिवाजाचे एक हृद्य दृश्य दर चार वर्षांनी जानेवारीत दिसते. निर्वाचकांची मते काँग्रेसच्या संयुक्त सभेत मोजली जातात आणि अध्यक्षस्थानी बहुधा उपाध्यक्ष असतात. १९६१ साली रिचर्ड निक्सन यांनी, २००१ साली गोर यांनी आणि २०२५ साली हॅरिस यांनी त्या आसनावरून स्वतःचाच पराभव जाहीर केला. त्यांच्या मध्ये २०२१ ची ६ जानेवारी येते. ट्रम्प यांनी २०२० चा निकाल मान्य केला नाही. जॉर्जियात सुमारे ५० लाख मतपत्रिका हातांनी पुन्हा मोजल्या गेल्या तरी निकाल बदलला नाही. न्यायालयांत दाखल झालेले साठाहून अधिक दावे जवळजवळ सर्व फेटाळले गेले. तरीही त्या दिवशी जमाव संसदभवनात घुसला आणि मोजणी काही तास बंद पडली. ती रात्री पुन्हा सुरू होऊन पहाटे पुरी झाली. २०२२ च्या अखेरीस काँग्रेसने कायदा सुधारून उपाध्यक्षांचे काम केवळ औपचारिक असल्याचे स्पष्ट केले, आणि निर्वाचकांवर आक्षेप घेण्यासाठी दोन्ही सभागृहांतील प्रत्येकी एकपंचमांश सभासदांचा पाठिंबा आवश्यक ठरविला. पूर्वी प्रत्येकी एक सभासद पुरत असे.

ह्या प्रतीक्षेत मराठी घरेही सामील असतात. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेली मराठी माणसे तेथे मतदान करतात. बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी येथे जन्मलेले श्री ठाणेदार २०२२ साली मिशिगनमधून प्रतिनिधिगृहावर निवडून आले. ज्यांना तेथे मताधिकार नाही, केवळ नोकरीचा परवाना आहे, त्यांची काळजी आणखी वेगळी. परवान्याचे नियम नवा अध्यक्ष बदलील काय, मुलांचे शिक्षण अर्ध्यावर राहील काय, हे प्रश्न तेथील घरांत जितके, तितकेच बडोदे, इंदूर किंवा हैदराबाद येथे पहाटे उठून बातम्या लावणाऱ्या आईवडिलांच्या मनातही असतात.

मतदानापूर्वी मन अस्वस्थ होणे हे लोकशाहीचे दुखणे मानण्याचे कारण नाही. ज्या देशात निकाल आधीच ठरलेला असतो, तेथील मतदाराला झोप उत्तम लागते. पण ती झोप कोणी हेवा करावा अशी नव्हे. आपल्या मताने काही बदलेल, ही आशा जेथे आहे तेथे धाकधूक राहणारच. परंतु निकाल मानला जाईल की नाही, ही दुसरी चिंता मात्र नागरिकाच्या वाट्याला येऊ नये. तिच्यावर उपाय दोनच: मोजणी सर्वांच्या डोळ्यांदेखत व्हावी, आणि हरलेल्याने मान लवून विजेत्याला वाट द्यावी. पहिले काम स्थानिक कचेऱ्यांतील हजारो अनाम कर्मचारी रात्री जागून करीत असतात. दुसरे काम एकट्या माणसाचे असते आणि तेच अधिक अवघड असते. ७ नोव्हेंबर २०२८ ह्या मंगळवारी अमेरिकन मतदार पुन्हा रांगेत उभा राहील, तेव्हा त्याचे लक्ष जिंकणाऱ्याकडे तर असेलच. पण हरणारा काय बोलतो, इकडेही त्याचे कान लागलेले असतील.