‘किती करडं मेली?’ या एका प्रश्नाची गोष्ट

शेळीपालनावर प्रबंध करायचं ठरवलं असेल, तर तुमच्या प्रश्नावलीत एक ओळ हमखास असणार: ‘गेल्या वर्षात किती करडं मेली?’ समोरची बाई ‘दोन’ म्हणते, तुम्ही २ लिहिता आणि पुढच्या प्रश्नाकडे वळता. आज फक्त त्या ‘दोन’बद्दल बोलू.

त्या दोनमध्ये बहुधा उभी राहिलेली, दूध प्यायलेली, घरातल्या पोरांनी नाव ठेवलेली करडं असतात. चौथ्या महिन्यात गाभडलेल्या शेळीचा गर्भ त्यात नसतो, कारण तो ‘मेला’ नाही, शेळीनं ‘टाकला’. मेलेलंच जन्मलेलं करडू कधी मोजलं जातं, कधी नाही. अगदी सुरुवातीला गेलेला गर्भ तर कुणाच्याच हिशोबात नसतो. शेळी परत माजावर आली की ‘उलटली’ म्हणायचं, विषय संपला. बाई खोटं सांगत नाहीये. तिच्या शब्दांचे कप्पे वेगळे आणि तुमच्या रकान्यांचे वेगळे, एवढंच.

याचा आकड्यांवर काय परिणाम होतो ते एका कल्पित कळपावर बघा. १० शेळ्या गाभण. १ गाभडली, ९ व्यायल्या, प्रत्येकीला जुळी, म्हणजे १८ करडं. त्यातली २ मेलेलीच आली. जिवंत १६ पैकी २ पहिल्याच रात्री गेली, आणखी २ आठवडाभरात. बाईच्या उत्तरावर गेलात तर मृत्यूदर १६ पैकी २, साडेबारा टक्के. जिवंत जन्मलेल्यांतले सगळे मृत्यू धरले तर १६ पैकी ४, पंचवीस टक्के. मेलेली जन्मलेलीही धरली तर १८ पैकी ६, तेहतीस टक्के. गोठा तोच! गाभडण्याचं प्रमाण यात मिसळूच नका. त्याचा छेद गाभण शेळ्या आहे, करडं नाही. दुसऱ्याचा पेपर वाचतानाही आधी छेद शोधा, टक्केवारी नंतर.

मग विचारायचं कसं? शेळीगणिक. ‘ही शेवटची कधी गाभण होती? पुढे काय झालं?’ तारीख कुणाला आठवत नाही, पण पोळ्याच्या आधी की नंतर, गावच्या यात्रेला किती दिवस होते, हे पक्कं आठवतं. शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा, त्यामुळे बोकड कधी लागला ते कळलं की गर्भ कितव्या महिन्यात गेला हे मागेपुढे मोजता येतं.

हे मोजणं कामाचं आहे, कारण काळावरून दिशा मिळते. ब्रुसेलात शेळी बहुधा शेवटच्या दोन महिन्यांत गाभडते, क्लॅमिडियात अगदी शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत. पीपीआर असेल तर ताप, नाक गळणं, हगवण असं कळपभर दिसतं. पण शिंगाची धडक, उपासमार हीही कारणं असतात. काळ म्हणजे फक्त सूचना, निदान नव्हे. निदानाला वार आणि गर्भाच्या पोटातला द्रव बर्फावर प्रयोगशाळेत जायला हवा, आणि तुम्ही पोचेपर्यंत वार कुत्र्यानं नेलेली असते. म्हणून विण्याचा हंगाम सुरू व्हायच्या आधीच घरोघरी हातमोजे, झाकणाचा डबा आणि तुमचा फोन नंबर देऊन ठेवा.

नुसतं रक्त तपासून ‘ब्रुसेलामुळे गाभडली’ असं लिहू नका. एकदाच घेतलेल्या रक्तातल्या प्रतिपिंडांवरून जंतूशी गाठ पडली होती (किंवा लस दिली होती) एवढंच कळतं. त्याच कळपातल्या न गाभडलेल्या शेळ्यांचंही रक्त घ्या. माल्टा बेटावरची गोष्ट याच कारणासाठी वाचण्यासारखी आहे. डेव्हिड ब्रूसला १८८७ मध्ये तिथल्या सैनिकांच्या तापाचा जंतू सापडला, पण तो येतो कुठून हे कळायला १९०५ उजाडलं. थेमिस्टोक्लीस झामितनं तिथल्या शेळ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा धडधाकट दिसणाऱ्या शेळ्याच जंतू बाळगून असल्याचं निघालं. १९०६ मध्ये सैन्याच्या आहारातून शेळीचं दूध बंद झालं आणि तापाचे रुग्ण झपाट्यानं कमी झाले. फक्त आजारी शेळ्या तपासल्या असत्या तर?

जन्मलेल्या करडांच्या बाबतीत ‘मरणाचं कारण’ या रकान्यावर माझा फारसा विश्वास नाही. तिथे ‘थंडी’ लिहिलेलं असतं. त्यापेक्षा ‘पहिला चीक किती तासांनी पाजला?’ हे विचारा. शेळीच्या वारेतून गर्भाला प्रतिपिंडं मिळत नाहीत. ती चिकातूनच येतात, आणि साधारण एका दिवसानंतर करडाचं आतडं ती शोषेनासं होतं. काही घरांत वार पडेपर्यंत करडाला पिऊ देत नाहीत. असं करडू रात्री गारठून गेलं, तर ते थंडीनं गेलं की उपाशी राहिल्यामुळे?

आता यातलं अवघड काम. गाभडलेल्या शेळीची साफसफाई बहुतेक घरांत बाईच करते, उघड्या हातांनी. ब्रुसेला माणसाला होतो, आणि गाभडण्याचे काही जंतू पोटुशी बाईच्या बाळालाही धोक्याचे असतात. त्यामुळे हातमोजे घाला, गर्भ आणि वार चुना टाकून खोल पुरा, शेळी वेगळी बांधा, दूध उकळूनच प्या, पोटुशी बाईला त्या कामापासून लांब ठेवा, हे सगळं पहिल्या भेटीतच सांगा. अहवाल येईपर्यंत किंवा प्रबंध होईपर्यंत थांबू नका. गाभडलेली शेळी लगेच बाजारात विकली तर आजार दुसऱ्याच्या गोठ्यात जातो, हेही सांगा. मात्र ती विकून पोराची फी भरायची असेल तर हे ऐकणं तिला किती जड जाईल, याचा विचार करून सांगा.

चार शेळ्यांपैकी दोन गाभडल्या म्हणजे त्या घराची वर्षाची अर्धी मिळकत गेलेली असते. ‘नजर लागली’ असं ती म्हणाली तर तिला तिथेच खोडू नका. ‘काळजी का घेतली नाही?’ हा प्रश्न फॉर्ममध्ये कुठल्याही रूपात असेल तर काढून टाका. आधी ऐका, करडाचं नाव काय होतं ते विचारा, आणि फॉर्म उघडायला दुसऱ्या दिवशी जा. तपासणीचा निकाल आला की तो आधी तिला कळवा, तिच्या भाषेत, आणि सोबत गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कधी जायचं तेही सांगा.